लाल आणि हिरव्या रेघेतली फट

प्राचार्यांनी माझा राजीनामा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. "सोमवार सकाळपर्यंत हा इथे आहे," ते म्हणाले. "तोवर अक्कल आली तर फोन करा, फाडून टाकतो. नाही आली तरी फोन करा, पुढे पाठवतो." पुण्यात याला सहानुभूती म्हणतात.

पॉलिटेक्निकमधली माझी गणिताची नोकरी कायम होती, पेन्शनची होती, सासऱ्यांनी ज्या नोकरीकडे बघून मुलगी दिली ती होती. ती सोडून मी कोथरूडमध्ये स्वतःचा क्लास काढणार होतो. कोथरूडमध्ये तेव्हा क्लास काढणं म्हणजे भरल्या धरणात तांब्याभर पाणी ओतणं. एकही जिना क्लासवाचून नव्हता. आमच्या मागच्या इमारतीत एक सर चक्क लिफ्टमध्ये शिकवत. वर जाताना समीकरण मांडायचं, उतरताना सोडवायचं आणि मध्ये वीज गेली तर जादा तास. त्या इमारतीचा वॉचमन येणाऱ्या मुलांना साइन तीसची किंमत विचारूनच फाटक उघडे. हे ज्याला खोटं वाटत असेल त्याने त्या वर्षांत घरात बारावीचं मूल ठेवून बघायला हवं होतं. देशाची दारं नुकती उघडली होती आणि त्या उघड्या दारातून प्रत्येक आईबापाला आपलं पोर थेट कॅलिफोर्नियात उतरताना दिसत होतं. घरात कंप्युटर यायचा होता, पण त्याला घालायचं झालरीचं कव्हर आईने शिवून ठेवलेलं असायचं.

पालक क्लासला पैसे देण्याआधी डेमो मागत. डेमो म्हणजे सरांनी एक तास फुकट शिकवायचं, मुलांनी पुढे बसायचं आणि आईबापांनी मागे बसून, आंब्याची पेटी घेण्याआधी वास घेतात तसा सरांचा वास घ्यायचा. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला हॉल एका रविवारपुरता दिला होता. "दुपारी बारसं आहे," त्यांनी बजावलं. "पाळणा यायच्या आत आपलं गणित आवरा."

म्हणजे हिशेब सरळ होता. रविवारी पालकांना पटलो तर क्लास. नाही पटलो तर सोमवारी फोन करून प्राचार्यांना म्हणायचं, सर, फाडा. आणि मग निवृत्त होईपर्यंत रोज त्यांचा चेहरा बघायचा. मला पगार गेल्याची भीती कमी होती, त्या चेहऱ्याची जास्त होती.

माझ्याकडे एक अस्त्र होतं. बुधवार पेठेतून मी एक जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर उचलला होता. काचेखाली दिवा, वर आरसा, काचेवर पारदर्शक कागद ठेवला की त्यावरची रेघ भिंतीवर पुरुषभर उंच होते. त्याचा पंखा असा घोंघावे की पहिल्या दिवशी शेजारचे लोक विमान बघायला गच्चीवर गेले होते. इतर क्लासवाले सूत्रं पाठ करून घेत. मी आलेख हलवून दाखवणार होतो. काचेवर चौकटींचा कागद पक्का चिकटवायचा, त्यावर आलेखाचा सुटा कागद ठेवायचा आणि तो सरकवायचा, उलटवायचा, पालथा घालायचा. अख्ख्या पुण्यात हे कुणी करत नव्हतं. अख्ख्या आशियात म्हणणार होतो, पण बायको म्हणाली, पुणे पुरे.

बायको एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समनचं काम करायची. तिच्या हातची रेघ म्हणजे काय सांगू, बिल्डर लोक इमारत न बांधता नुसता नकाशाच भिंतीवर लावायचे. ती रेघ तिने माझ्यासाठी काढली. घातांकी आलेख, दोनचा एक्सवा घात. शून्यावर उंची एक, एकवर दोन, दोनवर चार, तीनवर आठ. डावीकडे जमिनीलगत सरपटत येतो आणि उजवीकडे अचानक भाडं वाढवल्यासारखा वर जातो. लाल शाईत, एका दमात काढल्यासारखी ती रेघ. दुसरा कागद करायच्या आधी तिला ऑफिसचं काम आलं, म्हणून तो मी स्वतः केला, हिरव्या पेनाने. त्यात प्रत्येक उंची दुप्पट, म्हणजे तोच आलेख वर ताणलेला. बिंदू मी पुष्कळ काढले आणि ते हाताने जोडले. मुंगी शाईत पडून वाळवंट ओलांडते तशी माझी रेघ दिसत होती.

"हा दाखवूच नका," ती म्हणाली. "लोकांना वाटेल क्लास लहान मुलांचा आहे."

रविवारी हॉल भरला. खरंच भरला. खुर्च्या संपल्यावर सेक्रेटरींनी बारशाच्या खुर्च्या आधीच उघडल्या आणि प्रत्येक खुर्चीमागे माझ्याकडे एकेकदा बघून घेतलं. पडदे ओढले, पंखा घोंघावला, लाल रेघ भिंतीवर चढली आणि मागच्या रांगेतून कुणीतरी "वा" म्हटलं. बायको दारापाशी उभी होती. तिने ते "वा" ऐकलं, मी तिला ऐकताना पाहिलं.

मी सुरू झालो. एक्सच्या जागी एक्स अधिक एक लिहिलं तर आलेख कुठे सरकेल? सगळ्या मुलांनी उजवीकडे हात केला. अधिक आहे ना, मग उजवीकडे. "चूक!" मी इतक्या जोरात म्हटलं की एक आजोबा जागे झाले. "कात्रजहून दुधाची गाडी रोज सहाला येते. ती तासभर आधी आली तर घड्याळावर अलीकडे सरकली की पलीकडे? जे पुढे व्हायचं ते आधीच झालं. म्हणून डावीकडे!" आणि लाल कागद एक घर डावीकडे सरकवला. मग दोन घरं वर, मग खाली. मग कागद तिरप्या रेषेवर उलटा घातला, आडवा अक्ष उभा झाला, उभा आडवा झाला, आणि तीच लाल रेघ लॉगचा आलेख होऊन भिंतीवर आळसावत वर चढू लागली. घातांकी आलेख पळतो, लॉगचा रेंगाळतो, आणि दोघांत फरक एवढाच की कागद पालथा आहे. मागच्या रांगांत कुजबूज झाली. मला वाटलं, झालं, प्राचार्यांचा ड्रॉवर आता रिकामा.

तेव्हा मधल्या रांगेतून एक गृहस्थ उठले. शर्टाच्या खिशात पट्टी. चिंचवडच्या कारखान्यात ड्रॉइंग तपासणारे होते, हे मला नंतर कळलं. पण हा माणूस दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेतो, हे चेहऱ्यावरून तेव्हाच कळलं. शेजारी त्यांची मुलगी मान खाली घालून बसली होती, बाप उठला की मुली बसतात तशी.

"सर, एक शंका. आपण म्हणालात, एक्स अधिक एक केलं की आलेख डावीकडे सरकतो."

"सरकतो."

"हिच्या कॉलेजातले सर म्हणतात, तो दुप्पट ताणला जातो. दोनचा एक्स अधिक एकवा घात म्हणजे दोन गुणिले दोनचा एक्सवा घात. बरोबर?"

"बरोबर."

"मग सरकतो की ताणला जातो? एकाच वेळी दोन्ही कसं होईल? माणूस एक तर शेजारच्या खोलीत जाईल, नाहीतर उंच होईल."

लोक हसले. मीही हसलो, कारण हा प्रश्न म्हणजे आयतं ताट होतं. घातांकी आलेखाची हीच तर गंमत आहे. त्याला डावीकडे सरकवा नाहीतर वर ताणा, दोन्ही वाटांनी तो त्याच जागी पोचतो. दुसऱ्या कुठल्या वक्राला हे जमत नाही. आणि माझ्याजवळ दोन्ही कागद होते. लाल सरकवायचा, ताणलेल्या हिरव्यावर ठेवायचा, रेघेवर रेघ.

इथे मी गप्प राहून नुसतं दाखवलं असतं तर चाललं असतं. पण माझा स्वभाव गप्प राहण्याचा नाही. मी बाह्या सरसावल्या आणि म्हणालो, "साहेब, हे दोन आलेख एकमेकांवर असे बसतील की दोन आहेत हे सांगावं लागेल. केसाइतकी जरी फट दिसली, तरी मी क्लासचा विचार सोडतो. सगळ्यांसमोर सांगतो!"

बायकोने दारापाशी डोळे मिटले.

हिरवा कागद ठेवला. माझी मुंगीची रेघ बघून लोकांना थोडं हसू आलं. त्यावर लाल कागद ठेवला आणि एक घर डावीकडे सरकवला. उजवीकडे दोन्ही रेघा जुळल्या. खाली डावीकडे जुळल्या. आणि मध्ये, बरोबर उभ्या अक्षावर, फट. फट कसली, बोळ होता. त्यातून सायकल गेली असती.

मी कागद हलवला. पुन्हा नीट लावला. बोळ तिथेच.

ते गृहस्थ चष्मा वर करून भिंतीकडे बघत होते.

"केस जाड दिसतो आपल्याकडचा," ते म्हणाले.

या वेळी हसले ते जरा मोकळेपणाने हसले. एका बाईंनी पर्स खांद्याला लावली. ज्याने "वा" म्हटलं होतं तो घड्याळ बघू लागला. सेक्रेटरी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बारशाच्या खुर्च्या परत घेऊ का?"

माझ्या डोक्यात बीजगणित ओरडत होतं की हे जुळलंच पाहिजे, आणि भिंत म्हणत होती की जुळत नाही. पुण्यातला पालक बीजगणितावर विश्वास ठेवत नाही, भिंतीवर ठेवतो. घामाने बोटं कागदाला चिकटत होती.

"यातली खोटी कुठली?" गृहस्थांनी विचारलं.

"हिरवी!" तीन-चार मुलं एकदम म्हणाली. अर्थातच. वाकडी, गाठाळ, बेअब्रू रेघ. कुणीही तिलाच पकडलं असतं. मीही क्षणभर तिलाच पकडलं. मग अक्षावर बघितलं. हिरवी तिथे दोनवर होती. दोन गुणिले एक, दोन. बरोबर होती. सरकलेली लाल तिथे दीडच्या जराशी वर होती. म्हणजे न सरकवता पाहिलं तर लाल रेघ एकच्या डोक्यावर दीडच्या आसपास रेंगाळत होती, जिथे तिने दोन असायला हवं होतं.

मी बायकोला बिंदू दिले होते मोजके. शून्यावरचा, दोनवरचा, तीनवरचा. एकवरचा दिलाच नव्हता, कारण मला वाटलं, तीन बिंदू आणि तिचा हात, बस झालं. मधली वाट तिने तिच्या धंद्यातल्या चालीने काढली होती. तिच्या ऑफिसात बागेची कडा असो की बाल्कनीची, फ्रेंच कर्व्ह नावाची ती प्लॅस्टिकची नागमोडी पट्टी बिंदूंवर फिरवतात, जिथे रेघ डोळ्याला गोड लागते तिथे धरतात आणि ओढतात. गोड रेघ आली होती. घातांकी आलेख आला नव्हता. आणि सरकवणं नि ताणणं एकच, हे फक्त खऱ्या घातांकी आलेखालाच जमतं. खोट्याचं बिंग त्याच क्षणी फुटतं.

आता सांगायचं काय? खरं सांगायचं तर भरल्या हॉलसमोर म्हणायचं, की ज्या रेघेला तुम्ही "वा" म्हटलं ती चुकीची आहे आणि ती माझ्या बायकोने काढली आहे. क्लास चालेपर्यंत घर जिच्या पगारावर चालणार होतं, तिचा हात सगळ्यांदेखत खोटा ठरवायचा. मला ते होईना. मी प्रोजेक्टरच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जुनं यंत्र आहे. लेन्स जरा—"

"लेन्सला काही झालेलं नाही."

दारापासून ती चालत आली. रांगेरांगेने माना वळल्या. ती प्रोजेक्टरपाशी आली, भिंतीकडे वळून फट नीट बघितली, ऑफिसात साहेबांनी परत पाठवलेलं ड्रॉइंग बघावं तशी.

"लाल रेघ माझी आहे," ती म्हणाली. "यांनी तीन बिंदू दिले, मी कर्व्ह लावून जोडले. आमच्याकडे असंच जोडतात. एकवर किती हवं होतं?"

"दोन," मी म्हणालो.

"मग दिलं का नाहीत?"

मी लाल पेन तिच्यापुढे ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच वाद न घालता ठेवलं, असं ती आजही सांगते.

तिने पदराचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं आणि भिंतीवर पुरुषभर उंच दिसणारी ती देखणी रेघ सगळ्यांसमोर कागदावरून पुसून टाकली. लाल पाणी भिंतीवर ओघळल्यासारखं दिसलं. कुणीतरी "अरे अरे" केलं. कागद कोरा झाला. ती प्रोजेक्टरसमोरच्या स्टुलावर बसली, पेन उघडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगा. अर्ध्या-अर्ध्यावर सांगा. आणि तुम्ही नको. मुलांना सांगू दे."

बारावीच्या मुलांच्या दप्तरात लॉग टेबल असतंच. पानं फडफडली. "अर्ध्यावर एक पॉइंट चार एक!" एक मुलगी ओरडली. बायकोच्या हाताची प्रचंड सावली भिंतीवर आली, पेनाचं टोक चौकटीत उतरलं, लाल ठिपका पडला. "एकवर दोन!" ठिपका. "दीडवर दोन पॉइंट आठ तीन!" "आठ नाही, सात!" "अरे, अँटिलॉग नीट बघ!" भांडण लागलं. ठिपका पडेना. पेन हवेत थांबलं आणि सगळा हॉल त्या पेनाकडे बघत थांबला. ते गृहस्थही. शेवटी त्यांच्याच मुलीने मान वर केली आणि म्हणाली, "दोन पॉइंट आठ तीनच. मी दोनदा काढलंय." बापाने तिच्याकडे असं बघितलं, जणू ही कोण.

ठिपका पडला. मग अडीचचा, तीनचा, डावीकडचे उणे अर्ध्याचे, उणे एकचे. नागमोडी पट्टी तिच्या पर्समध्येच होती, ती काही निघाली नाही. तिने नुसत्या हाताने ठिपक्यांतून रेघ नेली. पहिल्यासारखी गोड नव्हती. मध्ये जरा थरथरली होती.

हिरवा कागद मी ठेवला. लाल तिने ठेवला. सरकवायचा कुणी, यावर आम्ही एकमेकांकडे बघितलं. तिने माझा हात बाजूला केला आणि स्वतःच एक घर डावीकडे नेला.

लाल रेघ हिरवीवर चढली आणि भिंतीवर एकच करडी, मळकी रेघ उरली.

ते गृहस्थ उठून भिंतीपाशी गेले. नाक भिंतीला लागेल इतके. "अहो, बाजूला व्हा, आलेखावर तुमचं डोकं आहे!" मागून कुणीतरी ओरडलं. ते हलले नाहीत. खिशातली पट्टी काढून त्यांनी अक्षावर धरली, मग दीडवर, मग डावीकडे, जिथे रेघ जमिनीला चिकटू चिकटू करते तिथेही. मला त्या पट्टीचा आवाज ऐकू येत होता. पट्टीला आवाज नसतो हे मला माहीत आहे.

त्यांनी पट्टी खिशात ठेवली, वळले, आणि माझ्याशी नाही, बायकोशी बोलले.

"आमच्याकडेही कर्व्ह लावतात. ती ड्रॉइंग मी परत पाठवतो."

"पाठवायलाच हवं," ती म्हणाली.

मग माझ्याकडे वळले. "बॅच किती वाजता?"

मी वेळ सांगितली. त्या वेळी कुठली सांगितली ते मला आठवत नाही. मी बॅचची वेळ ठरवलीच नव्हती. त्यांनी मुलीला विचारलं, "जमेल?" तिने हो म्हटलं. त्यानंतर पर्स खांद्याला लावलेल्या बाई पुन्हा बसल्या आणि लोकांनी मला घेरलं. फी किती, सुट्ट्या किती, लॉगचे आलेख पण असेच शिकवता का, मॅडम पण असतात का. शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा आला. तेवढ्यात फुलं लावलेला पाळणा दारातून आत आला आणि सेक्रेटरींनी पडदे सर्रकन उघडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको ऑफिसला गेली आणि मी कोपऱ्यावरच्या फोन बूथमध्ये शिरलो. काचेच्या पेटीत उकडत होतं. पलीकडे प्राचार्य होते.

"बोला."

"सर, पुढे पाठवा."

"मुलं आली होती?"

"उभं राहायला जागा नव्हती, सर. लोक खिडक्यांना लटकले होते."

"खिडक्यांना," ते म्हणाले. "बरं." मग ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला. त्यांचा फोन ऑफिसातल्या टेबलावर होता, म्हणून ऐकू आला. कागद सरकला, शिक्का कुठेतरी दणकन आपटला. "गेलं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी रिसीव्हर कानाला धरून उभा राहिलो. कालपासून मी प्रत्येकाला जिंकल्याची गोष्ट सांगत होतो, दूधवाल्यालासुद्धा. आता त्या पेटीत पहिल्यांदा कळलं की परत जायला जागा उरली नाही. बाहेर उभ्या माणसाने काचेवर टकटक केलं.

"झालं का?"

"झालं," मी म्हणालो, आणि दार ढकलायच्या ऐवजी ओढत राहिलो.